सोजरबाईचा गळा

रिसोडच्या बाजारात भाजीवाल्या बाया लिंबाच्या झाडांखाली रांगेनं बसत. त्यांच्यात सोजरबाई कुठं बसली आहे हे कुणाला शोधावं लागत नसे, ते ऐकूच येई. "आले वांगे! काटेवाले वांगे! देठ पाहून घे व बाई, मंग नाव ठेवजो!" ही हाक पार धान्याच्या बाजूला ज्वारी मापणाऱ्यांपर्यंत जाई. एखाद्याचं माप चुकलं की बाकीचे हसून म्हणत, चंपत माळ्याची बायको आली वाटते.

ती मूळची केनवडची. लग्न होऊन रिसोडला आली तेव्हा अजून परकरी पोरच होती. चंपतचा मळा गावाबाहेर नाल्याच्या काठाला होता. एक विहीर, तिच्यावर मोट, आणि उतारानं वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सकाळी मोट सुरू झाली की सोजरबाई पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवी आणि तिथूनच घरच्यांशी बोले. घरी सासू होती, नवरा होता, पुढं रुख्मिणी झाली. घर माळकरी. सासऱ्यापासून सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि मासमच्छीचा वासही उंबऱ्याच्या आत येत नसे. रुख्मिणीच्या पाठीवरची दोन मुलं जगली नाहीत. त्यानंतर, एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमारास, शालिक झाला आणि टिकला.

शालिक रांगू लागला त्या दिवसांत सोजरबाईच्या गळ्याशी सूज दिसू लागली. कंठमण्याच्या खाली, दोन्ही बाजूंनी. दुखत नव्हती. घास गिळताना मात्र कुणी आतून बोट धरून ठेवल्यासारखं वाटे. सासूनं चुना-हळदीचा लेप लावला. लेप वाळून गळून पडला, सूज तशीच राहिली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बिबा घातला. बिब्ब्याच्या तेलाच्या फुल्या गळ्यावर उठल्या, फोड आले, ते चिघळले, आणि बरे झाल्यावर काळे डाग तेवढे उरले. सूज हळूहळू घट्ट झाली. हाताला रबरासारखी लागायची.

पण सूज ही गोष्ट लहानच होती. खरं जे झालं ते इतकं सावकाश झालं की नेमकं केव्हा सुरू झालं, हे घरातल्या कुणालाच सांगता आलं नसतं. आधी तिला थंडी वाजू लागली. चैत्रात लोक अंगणात झोपत, ती घरात वाकळ पांघरून निजे. मग केस गळू लागले. भुवयांची बाहेरची टोकं गेली. चेहरा सुजला, पापण्या जड झाल्या, कातडी उन्हाळ्यातल्या नाल्यासारखी कोरडी पडली. एकेकाळी मेथीच्या दहा जुड्या बांधायची तेवढ्या वेळात आता एक होईना. आणि गळा बसला. गारठ्यानं बसतो तसा नव्हे. आवाज जाड झाला, घोगरा झाला, शब्द जिभेवरून उचलून ठेवावे लागत असल्यासारखे एकेक करून यायला लागले. बाजारात ती हाक मारी आणि समोरच्या बाईलाच ती ऐकू येत नसे. थोड्याच दिवसांत चंपतनं बाजार स्वतःकडं घेतला.

"खाऊन खाऊन माजली," सासू म्हणे. "बसल्या जागी पेंगते. कामाचं नावच नको इले."

सोजरबाई अर्धी भाकरी खात होती. उत्तर जुळवेपर्यंत सासू बोलून निघूनही गेलेली असे.

शालिक चौथ्या वर्षात होता तेव्हाची गोष्ट. वैशाखातली दुपार. मोट सोडून बैल सावलीला बांधले होते. चंपत मळ्याच्या पार टोकाला कुंपणाच्या काट्या रोवत होता. सोजरबाई विहिरीपासून थोड्या अंतरावर बाभळीखाली मेथी निवडत बसली होती. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता, त्या भागात कुणाच्याच विहिरीला नसे. शालिक काठावर बसून आत खडे टाकत होता आणि खाली पाण्यात आवाज झाला की हसत होता.

तिनं ते पाहिलं. पोरगं पुढं सरकतंय, हेही पाहिलं. ऊठ, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाय ओढून घेतले, हात जमिनीला टेकवला. तेवढ्यात तो गेला. तिनं हाक मारली. ती हाक चंपतपर्यंत पोचलीच नाही. मळा काही फार मोठा नव्हता, पूर्वी याच जागेवरून ती नाल्यापलीकडच्या माणसाला बोलावत असे. ती उठली, विहिरीशी गेली, आत पाहत पुन्हा हाक मारली, आणि तशीच हाक मारत राहिली. चंपत पाणी प्यायला म्हणून आला तेव्हा त्याला ती काठावर तोंड उघडं ठेवून उभी दिसली.

घरात बाया जमल्या. सासूनं ऊर बडवून घेतला. चंपतनं भिंतीवर डोकं आपटलं. सोजरबाई मात्र कोपऱ्यात बसून होती. शेजारची एक म्हातारी तिच्या पाठीवर थापटत म्हणाली, "रड व माय. एकदा मोकळी होऊन जाय."

सोजरबाईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मले वाकळ द्या. थंडी वाजून राह्यली."

हे वाक्य गावभर झालं. पोटचं पोरगं दारात ठेवलेलं असताना हिनं वाकळ मागितली. सासू म्हणाली, ही बाई नोहे, दगड हाय. त्या दिवसापासून चंपत तिच्याशी बोलेनासा झाला. मारलं नाही, टाकून बोलला नाही. पाणी मागायचं झालं तरी आईकडं मागे.

पुढच्या उन्हाळ्यात रुख्मिणीचं लग्न झालं. सोजरबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली आणि तशीच झोपली. वाटे लावायच्या वेळी रुख्मिणी गळ्यात पडायला आली, तेव्हा आईचे हात उठायला इतका वेळ लागला की कुणीतरी पोरीला ओढून गाडीत बसवलंसुद्धा. त्याच्या पुढच्या वर्षी चंपतनं दुसरं लग्न केलं.

नवी बायको गिरजा वाशीमजवळच्या मालेगावची. वयानं लहान, बोलायला फटकळ. सवत म्हणजे काय काय सांगून आईनं तिला पाठवलं होतं. इथं आल्यावर तिला दिसलं ते वाकळीत गुंडाळलेलं एक मोठं मूल. पहिले काही दिवस गिरजाही चिडली, कारण दोघींचं काम तिला एकटीला पडलं. पण ती चिडत असतानाच पाहतही होती. सोजरबाईचे पाय ऐन उन्हाळ्यात गार लागतात. जीभ इतकी सुजलेली की कडेला दातांचे ठसे. ताट पुढं ठेवलं तर निम्मं परत येतं.

"आत्याबाई," ती एकदा सासूला म्हणाली, "जे खातच नाई, ते माजन कसं?"

सासूनं तिला गप्प बसवलं. नंतरच्या पावसाळ्यात पटकीच्या साथीत सासू गेली.

त्याच वर्षी हिवाळ्यात सोजरबाई चुलीजवळ पेंगता पेंगता कलंडली आणि तिचा हात निखाऱ्यात गेला. गिरजा धावून येईपर्यंत तिनं तो ओढून घेतला नव्हता. त्यानंतर तिला घरी एकटं ठेवायची सोय राहिली नाही. म्हणून गिरजाच्या तान्ह्या नानाजीचे डोळे आले, घरच्या औषधानं पूच थांबेना आणि त्याला वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा बैलगाडीत सोजरबाईलाही घालावं लागलं. नेण्याचं कारण एवढंच.

डॉक्टर तरुण होता, नागपूरला शिकून नुकताच आला होता. त्यानं नानाजीचे डोळे धुतले, थेंब घातले. हात पुसत असताना त्याची नजर भिंतीशी बसलेल्या बाईकडं गेली आणि तिथंच राहिली.

"या बाई कोण? किती दिवसांपासून अशा आहेत?"

"ते तशीच हाय," चंपत म्हणाला.

"तशी नव्हती, डाक्टरसाहेब," गिरजा म्हणाली. "लोक सांगतात, हिची हाक अख्ख्या बाजारात जाये."

डॉक्टरनं तिला बाकावर बसवलं. गळ्यावरचे बिब्ब्याचे डाग पाहिले, सूज चाचपली. नाडी धरून बराच वेळ थांबला. तिला बाकावर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर लहानशी हातोडी मारली. पाऊल हललं, आणि मग झोपेत असल्यासारखं सावकाश जागेवर परत आलं. डॉक्टरनं पुन्हा मारली, पुन्हा तसंच झालं.

"गळ्यात इथं एक ग्रंथी असते," तो चंपतला म्हणाला. "अंगातली ऊब, चपळाई, डोक्याची धार, सगळं तिच्यातून निघणाऱ्या रसावर चालतं. हिची ग्रंथी वर्षानुवर्षं सुजत राहिली आणि सुजून सुजून मेली. का सुजते ते अजून कुणाला ठाऊक नाही. ही आळशी नाही आणि वेडीही नाही. हिच्या आतलं इंधन संपलंय."

"दवा हाय काय?"

"आहे. विलायती गोळी. मी मुंबईहून मागवून देतो. ही रोज घ्यावी लागेल, जन्मभर. थांबवली की परत असंच होईल."

चंपतनं विचारलं, "त्यात दारू त नाई?"

डॉक्टरला खोटं बोलता आलं असतं. तो बोलला नाही. "दारू नाही. मेंढीच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून, कुटून गोळी करतात."

चंपत उभा राहिला. "आमच्या घरात माळ हाय, साहेब."

"दोन-तीन हिवाळे निघतील हिचे. त्यापुढं नाही."

"देवाची मर्जी," चंपत म्हणाला आणि बाहेर गाडीकडं निघून गेला.

ज्या बाईबद्दल हे बोलणं झालं तिला कुणी काही विचारलं नव्हतं. गिरजा तिच्यापुढं जाऊन बसली. "मोठीबाई, आयकलं ना? मेंढीची हाय. घेता काय?"

सोजरबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ऐकलंच नाही असं वाटावं इतका वेळ गेला. मग तो घोगरा आवाज आला. "थंडी... जाईन?"

"जाईल," डॉक्टर म्हणाला.

तिचा हात गळ्याकडं गेला. सुजलेल्या बोटांना माळेची गाठ सापडेना. तिनं मान पुढं केली आणि गिरजाला म्हणाली, "काढ."

गिरजानं गाठ सोडली.

गोळ्या आल्या. चंपत आणायला गेला नाही. कापसाच्या गाड्या घेऊन वाशीमला जाणारा भाऊसिंग गाडीवान गिरजासाठी त्या आणून देऊ लागला. चंपतनं मना केलं नाही, पण सोजरबाईची चूल पडवीत वेगळी मांडून दिली, पाण्याचं मडकंही वेगळं केलं. ती ज्याला शिवेल ते बाकीच्यांनी खायचं नाही.

डॉक्टरनं अगदी लहान तुकड्यापासून सुरुवात करायला सांगितली होती. पहिल्यांदा काही झालं नाही. मग एका सकाळी गिरजानं पाहिलं, सोजरबाईच्या कपाळावर घाम होता. सोजरबाई स्वतःच बोट लावून तो पाहत होती. त्यानंतर चेहऱ्याची सूज उतरू लागली आणि तिच्या खालून एक दुसरी बाई बाहेर आली. ती गिरजानं कधी पाहिलीच नव्हती. हाडं वर आलेली, डोळे मोठे. डोक्यावर लव आली. आवाज उघडला, पहिल्यासारखा नाही, पण माणसाचा. ती उठून झाडू लागली, मळ्यात जाऊ लागली. गिरजा खुशीत होती. आपण हिला बरं केलं, असं तिला वाटत होतं, आणि ते खरंही होतं.

मग एका दिवशी मळ्यात सोजरबाई विहिरीशी गेली आणि तिथं मटकन बसली. गिरजा खुरपं टाकून धावली. तिला वाटलं, जुनं दुखणं उलटलं. पण सोजरबाई रडत होती. तोंडाला पदर लावून नाही, लाज धरून नाही. "शालिक! माह्या शालिक!" म्हणून ती आत वाकून हाका मारत होती, आणि आता त्या हाका नाल्यापलीकडं जात होत्या.

शालिकला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या लेखी तो आत्ता गेला होता.

हे थांबलं नाही. ती पीठ मळताना रडे, मेथी निवडताना रडे, एकाएकी विचारे, "त्याच्या आंगावर कोनता सदरा होता व? कोनी काढलं त्याले?" गिरजाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते चंपतला. त्यानं आपलं रडणं तेव्हाच रडून संपवलं होतं, त्यावर दुसरा संसार उभा केला होता. एका संध्याकाळी तो पडवीत आला. कित्येक वर्षांनी तो तिच्याशी बोलत होता.

"आता काहून रडतं? तवा काहून नाई रडली? माह्या पोराले मी एकट्यानं पोचवलं."

"तवा मी नोती," सोजरबाई म्हणाली.

"घरातच त होती! वाकळ मागत होती!"

"शरीर होतं. मी नोती. म्या पाह्यलं त्याले जातानी. सगळं दिसलं मले. पन ते... ते पान्याच्या खालून दिसल्यावानी दिसलं." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमी मले मारलं काहून नाई? मारलं असतं त कदाचित जागी झाली असती."

चंपत गुरांना वैरण टाकायला निघून गेला.

ती रुख्मिणीकडंही गेली. रुख्मिणी तोवर एका मुलाची आई झाली होती. लेकीनं चहा-पाणी केलं, पाया पडली, जावांसमोर चांगलं बोलली. आई निघाली तेव्हा वेशीपर्यंत पोचवायला आली आणि तिथं म्हणाली, "तुहा आजार होता, मले समजते. पन माह्या लग्नात तू झोपली होती, हेही मले दिसते. दोन्ही दिसते. मी काय करू?"

"काई नोको करू," सोजरबाई म्हणाली. त्यानंतर ती दरवर्षी एकदा लेकीकडं जात राहिली आणि रुख्मिणी दरवर्षी वेशीपर्यंत येत राहिली. तेवढं झालं.

त्या बऱ्या वर्षांत तिनं एक काम केलं. नाल्यातले दगड आणून ती विहिरीभोवती रचू लागली. डोक्यावर एकेक दगड, बाजाराचा दिवस सोडून रोज. नानाजी चालू लागला होता. चंपत सुरुवातीला पाहून न पाहिल्यासारखं करी. मग एका सकाळी मातीचा गारा कालवून आणला आणि तिनं रचलेले वेडेवाकडे दगड काढून पुन्हा नीट बसवू लागला. दोघं काम करत आणि बोलत नसत. मोटेची बाजू सोडून सगळीकडं कमरेएवढा कठडा झाला. तिच्या हातचं पाणी मात्र त्यानं त्या दिवसांतही घेतलं नाही.

मग विलायतेत लढाई पेटली. पहिल्या वर्षी फरक पडला नाही. नंतर गोळ्या उशिरा येऊ लागल्या, मग अर्ध्या येऊ लागल्या. ओळखीचा डॉक्टर फौजेत गेला. भाऊसिंग एकदा रिकाम्या हातानं परत आला. "नवा डाक्टर म्हनते, जहाजं बुडून राह्यले, माल कोठून येईन?" गिरजा स्वतः वाशीमला गेली. नव्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. ती हलेना, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "गोळ्या निघायच्या आधी लोक मेंढीची ती ग्रंथीच खात. आता मी तरी दुसरं काय सांगू?"

तो चिडून बोलला होता. गिरजा मात्र ते वाक्य बरोबर घेऊनच परतली.

सोजरबाईचे पाय पुन्हा गार पडले होते. शब्द शोधावे लागत होते. काय येतंय ते या वेळी तिला आधीपासून ठाऊक होतं, एवढाच फरक. "गिरजे," ती म्हणाली, "मले परत त्या पान्याखाली जायचं नाई."

गिरजा रिसोडच्या खाटकाकडं गेली. जन्मात कधी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. पदर नाकाशी धरून, भिंतीकडं तोंड करून तिनं काय हवं ते सांगितलं. खाटीक म्हातारा मुसलमान होता, तिच्या गळ्यातली माळ त्याला दिसत होती. "दवा के लिए?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. त्यानं मेंढीच्या गळ्याजवळून काढलेला मांसाचा एक लाल तुकडा पानात बांधून दिला. "यही है शायद. बेटी, मैं कौन सा हकीम हूँ," तो म्हणाला.

पडवीतल्या चुलीवर गिरजानं तो तुकडा हाताला राख फासून परतला. वास येऊ नये म्हणून वर मिरच्या जाळल्या. सोजरबाईनं डोळे मिटून गिळला आणि उलटी तोंडाशी आली ती हातानं दाबून धरली. तिला जरा ऊब आली. एखादे वेळी तुकडा बरोबर लागे आणि छातीत इतकं धडधडे की ती रात्रभर बसून राही; एखादे वेळी नुसतं मांस खाल्ल्यासारखं होई, काहीच फरक पडत नसे. अशी ती एक पावसाळा तग धरून राहिली.

पण रिसोडसारख्या गावात माळ्याची बाई खाटकाच्या दारात दिसली तर ती गोष्ट किती दिवस लपणार? जातभाई चंपतकडं आले. गोळीचं त्यांनी कानामागं टाकलं होतं, गोळीला काही वास नसतो. आता मात्र घरात मांस शिजत होतं, आणि आणणारी बाई माळकरी होती. ते मोठ्यानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की या घराशी पंगत ठेवायची की नाही ते ठरवावं लागेल. गिरजाला आता नानाजीच्या पाठची एक मुलगी होती, आणि तिसऱ्या मुलाचे दिवस होते.

चंपत गिरजावर ओरडला नाही. "मले नोको सांगू," म्हणाला. "तूच इचार कर. पोट्टे तुहे हायेत."

गिरजा पडवीत आली तेव्हा सोजरबाई वाकळ पांघरून बसली होती. बाहेरचं बोलणं तिनं ऐकलं होतं.

"मोठीबाई..."

"नोको आनू," सोजरबाई म्हणाली. बरंच थांबून पुढचे शब्द आले. "पुरे कर."

"तुमी म्हना, आन, त मी आनतो. कोनाले घाबरत नाई मी."

हे खरं नव्हतं आणि दोघींनाही ते माहीत होतं. सोजरबाईनं नको म्हणून मान हलवली. गिरजा तिथंच बसून रडली, आणि सोजरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात गार होता.

गिरजा पुन्हा खाटकाकडं गेली नाही. त्यानंतरचं सगळं पूर्वीच्याच क्रमानं आलं, फक्त लवकर आलं. थंडी, सूज, घोगरेपणा, मग गप्प बसणं. दिवाळीनंतर सोजरबाईनं शालिकचं नाव घेणं सोडलं. गिरजाला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं. ती मुद्दाम तिच्यापुढं ते नाव काढी, आणि ती फक्त पाहत राही.

पौषात गारठा फार पडला. एका सकाळी गिरजा पेज घेऊन पडवीत गेली तर सोजरबाई जागी होत नव्हती. श्वास होता, पण दोन श्वासांच्या मधे इतका वेळ जाई की प्रत्येक वेळी हाच शेवटचा वाटे. अंग पाटाच्या पाण्यासारखं गार. गिरजानं शेकोटी केली, तळपाय घासले, घरातली सगळी पांघरुणं तिच्यावर घातली. चंपत आला. आपल्या अंगावरचं घोंगडं काढून त्यानं वरून घातलं आणि तिच्या उशाशी बसला. "सोजर," त्यानं हाक मारली. नवरा बायकोला नावानं हाक मारताना गिरजा पहिल्यांदाच ऐकत होती. दुपारपर्यंत तो तिथून उठला नाही. ऊन अंगणात उतरलं तेव्हा ती गेली होती.

रुख्मिणी तिसऱ्या दिवशी पोचली. गाडीतून उतरली ती सरळ पडवीत गेली. चूल थंड होती, वाकळी धुऊन वाळत घातल्या होत्या. ती गिरजाला म्हणाली, "लहानीबाई, शेवटी काई बोलली काय? माह्या नावानं काई?"

गिरजाच्या तोंडाशी एक खोटं आलं होतं. ते सांगितलं असतं तर पोरीचं समाधान झालं असतं.

"नाई," गिरजा म्हणाली. "दोन महिने ते कोनाशीच बोलली नोती, बाई. बोलता येत नोतं."

रुख्मिणीनं मान हलवली. मग ती चुलीपुढं बसली आणि तिच्यातली थंड राख हातानं एकीकडं सारू लागली. गिरजा टोपली घेऊन आली. दोघींनी मिळून राख भरली आणि मळ्यात नेऊन वांग्यांच्या वाफ्यात टाकली.